मथीची टाच

डहाणू रोड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात चिकूच्या करंड्या तोलायचा एक मोठा काटा होता. त्याच्यावर मी एका दुपारी पाच बायकांना ओळीने कोपर टेकायला लावलं होतं. स्टेशनमास्तर धावत आले. "अहो बाई, हे काय चाललंय? रेल्वेचा काटा आहे तो!" मी म्हटलं, "रेल्वेचाच आहे. मी कुठे घरी नेतेय?" माझ्या सगळ्या नोकरीत जर मला कशाचा मनापासून अभिमान वाटत असेल, तर तो त्या काट्यावर झालेल्या कामाचा. पण ते कळायला आधी माझा धंदा सांगायला हवा, आणि तो सांगितला की निम्मी माणसं हसतात, हा माझा जुना अनुभव आहे.

मी मालिश शिकवत असे. हसून झालं असेल तर पुढे सांगते.

मालिश म्हटलं की लोकांना बाटल्या वाजवत फिरणारा चंपीवाला आठवतो, नाहीतर बाळंतिणीला चोळणारी बाई. मी दोघांनाही नावं ठेवत नाही. पण माझं काम वेगळं होतं. आपल्या कातडीखाली मांसाचे थर असतात, एकावर एक. जुनं दुखणं वरच्या थरात क्वचितच असतं. ते खाली, हाडाच्या जवळ, चिकटून बसलेलं असतं. वरून वाटीभर तेल जिरवा, त्याला पत्ताही लागत नाही. तिथे पोचायचं तर तेल अगदी बोटाला पुसण्याइतकं घ्यायचं, कारण हात घसरायला नको, रुतायला हवा. दाब हळूहळू द्यायचा आणि मग थांबायचं. खालचं मांस स्वतः सैल होऊन वाट देईपर्यंत थांबायचं. मग कुठे आडवं सरकायचं, तेही एखाद बोट. लोकांना वाटतं यात ताकद लागते. ताकद कमी आणि सबुरी जास्त लागते, आणि ती माझ्या अंगात कधीच नव्हती. तरी मी शिकवत होते.

लग्नाआधी मी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात हे काम शिकले. मग लग्न होऊन डहाणूला आले. आमचे हे पार्सल क्लार्क. पन्नासच्या दशकाचा शेवट होता, राज्य मुंबईचं आणि जिल्हा ठाणे. गावात एका ट्रस्टचा छोटा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरांना माझ्या शिक्षणाचं कळलं आणि त्यांनी मला मागची पडवी देऊन टाकली. म्हणाले, "पेशंट मी पाठवतो, पण तुमच्या एकटीच्या हातांनी काय पुरं पडणार? चारजणी तयार करा." मी पाचजणी गोळा केल्या. सरावलीची एक, वाणगावच्या दोघी बहिणी, रेल्वे फाटकावरच्या गेटमनची विधवा शेवंताबाई, आणि पाचवी मथी. मथी तलासरीच्या वाटेवरच्या एका पाड्यावरून येई, अर्धी वाट चालत आणि अर्धी एस.टी.ने.

शिकवायला माझ्याकडे ना हाडांचा सापळा होता, ना चित्रं. मी आमच्या घरची गोधडी आणली. तिच्या घडीखाली चिकूचं एक बी ठेवायचं आणि डोळे मिटून वरून बोटांनी ते शोधायचं. दोन घड्यांखालचं बी सगळ्यांना सापडे. चार घड्यांखाली गेलं की बायका चिडत, गोधडीला बुक्के मारत. आठ घड्यांखालचं बी ज्या दिवशी शेवंताबाईला सापडलं, त्या दिवशी तिने ते घरी नेऊन देवापुढे ठेवलं.

पेशंटही एकेक नमुना. एक हेडमास्तर मान अखडली म्हणून आले, पण सदरा काढायला तयार होईनात. वर कोट होता तोही काढेनात. म्हणाले, "आपण वरूनच पाहा." मी वरूनच पाहिलं आणि सांगितलं, "कोट चांगला आहे, मान घेऊन या तेव्हा दाबू." पुढच्या आठवड्यात आले मुकाट्याने, साध्या बंडीत.

आता मथीबद्दल.

मथी पायाळू होती. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे आधी पाय आले ते माणूस. आपल्याकडे समजूत अशी, की पाठीत उसण भरली तर पायाळू माणसाने पाय लावला की ती जाते. मथीचं नाव त्यासाठी घोलवडपर्यंत पोचलं होतं. एस.टी.च्या थांब्यावर माणसं तिची वाट बघत उभी असत. गाडी यायच्या आत तिथेच धुळीत पालथी पडत, "मथी, येवडा पाय लाव गं." मग ही टाच टेकवणार, आणि ते उठून कंबर हलवत गाडीत बसणार.

मला हे कळलं तेव्हा माझा पारा चढला. मी मुंबईच्या इस्पितळात शिकलेली बाई, माझ्या वर्गातली बाई लोकांना लाथा घालून बरं करते म्हणजे काय! मी सगळ्यांसमोर तिला बजावलं, "या पडवीत पाऊल ठेवलं की पाय फक्त चालायला वापरायचे. अडाणीपणा बाहेर."

मथीने मान डोलावली. रागावली नाही. तिच्या पाड्यावर कोणी कोणाला अहो-जाहो करत नसत, त्यामुळे ती मलाही अरेतुरेच करी. म्हणाली, "बाय, मना पाय नाय शिकायचा. मना हात शिकव. त्यासाठीच आलू."

तिचा नवरा भिकू ताडावर चढायचं काम करी. दारूबंदीचे दिवस, ताडी बंद होती, पण परवाना असलेली नीरा चाले आणि भिकू ती काढणाऱ्या मंडळीतला नावाजलेला चढणारा. आदल्या हंगामात तो अर्ध्या ताडावरून घसरला. हाड जुळलं, पण तोवर हात दोन महिने छातीशी बांधलेला होता. सोडला तेव्हा खांदा जागच्या जागी बसून गेला होता. हात कानाच्या वर जाईना. असा माणूस ताडावर काय चढणार? तो लोकांच्या वाड्यांत गवत काढायला जाऊ लागला आणि घरी आला की भिंतीकडे तोंड करून बसू लागला.

पाड्यावर बायका मथीला टोचत. साऱ्या मुलखाला पाय लावते आणि घरचा तसाच. पण मथी घरच्याला पाय कसा लावणार? नवऱ्याच्या अंगाला बायकोचा पाय लागणं म्हणजे मोठं पाप. भिकूची आई तर म्हणे, लावशील तर या घरात राहू नको. म्हणून मथी हात शिकायला आली होती.

मला हे सगळं तिने एकदाच सांगितलं, गोधडीच्या घड्या घालता घालता, आणि परत कधी त्याचा उच्चार केला नाही.

गणपतीच्या सुमाराला ट्रस्टचे शेठ पडवी बघायला आले. घोलवडला त्यांची चिकूची मोठी वाडी होती. माणूस वाईट नव्हता, दवाखान्याला हात सैल सोडून मदत करी. पण त्यांना पडवी डोळ्यांच्या शिबिरासाठी हवी होती. पाच बायका एका गोधडीला बोटं टोचत बसलेल्या बघून ते हसले. "बेन, हे मालिशबिलिश तर हजाम पण करे छे. ह्याच्यासाठी दवाखान्याची जागा?"

मी गप्प बसायला हवं होतं. डॉक्टर माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होते. पण गप्प बसणं आमच्या घराण्यात नाही. समोर मथी दिसली आणि मी बोलून गेले, "शेठ, या बाईचा नवरा ताडावरून पडून अधू झालाय. नीरेचा हंगाम सुरू होईल तेव्हा ही त्याला ताडावर चढवून दाखवेल. नाही चढला तर पडवी तुमची."

"आणि चढला तर?"

"तर पडवी माझी, कायमची."

"चालेल," शेठ म्हणाले. "मी स्वतः बघायला येईन."

शेठ गेल्यावर मी मथीकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिच्या नवऱ्याचा खांदा मी तिला न विचारता पैजेला लावला होता. "बाय," ती एवढंच म्हणाली, "तो नाय चढला तं मंग सारं गाव हसंल त्याला." आजही ते आठवलं की मला स्वतःची लाज वाटते.

मग आम्ही लागलो. भिकू बाजाराच्या दिवशी डहाणूला येई तेव्हा मी त्याला दाबी आणि मथीला दाखवी. उरलेले दिवस तिने घरी करायचं. पाठीचा कणा आणि खांद्याचं पातं यांच्यामधली जागा, आणि काखेच्या मागची जाड वळी, या दोन ठिकाणी तो अडकला होता. माझा अंगठा तिथे लागला की भिकू श्वास कोंडून धरी. या कामात ती सगळ्यात वाईट खूण. श्वास कोंडला म्हणजे मांस आवळलं, आणि आवळलेल्या मांसावर दाब म्हणजे बंद दारावर धडका. परक्या बाईच्या हाताखाली तो माणूस सैल होतच नव्हता.

आणि मथी? मथीच्या हाताखाली तो सैल होई, पण मथीचा हात खाली जाईना. मी शिकवलं तसं ती दोन्ही अंगठे टेकवी, खांदे उचलून जोर करी, आणि अंगठे थरथरत. गोधडीच्या तीन घड्यांपलीकडे तिला बी सापडत नव्हतं. वर्गात सगळ्यात मागे ती. मी ओरडे, "जोर लाव! भाकरी थापतेस तेव्हा कसा लागतो?" ती आणखी जोर लावी, आणखी थरथरे.

इथे माझी चूक कबूल करते. मी मुंबईत अंगठ्याने शिकले होते, म्हणून सगळ्यांना अंगठ्यानेच शिकवत होते. माझे अंगठे जन्मतः जाड आणि आखूड, त्यांना चालून गेलं. शेवंताबाईचे लांबसडक होते. तिने माझ्यावर भरवसा ठेवून महिनोन्महिने त्यांच्यावर भार घातला आणि तिच्या उजव्या अंगठ्याचा सांधा कायमचा सुजला. पुढे तिला सुईसुद्धा धरता येत नसे. तिने मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

नवरात्राच्या आधी घरातली पिंपं हलवताना माझ्याच पाठीत उसण भरली. अशी भरली, की मी स्वयंपाकघरात ओट्याशी वाकले ती वाकलेलीच राहिले. ह्यांनी मला कसंबसं सतरंजीवर पालथं घातलं. ड्यूटीची वेळ झाली होती. म्हणाले, "दवाखान्यात निरोप देतो." निरोप गेला, आणि अर्ध्या तासाने दारात मथी.

"बाय, पाय लावू?"

"नाही," मी सतरंजीत तोंड खुपसून म्हटलं. "हाताने कर. शिकवलंय ना?"

तिने अंगठे लावले. मी किंचाळले. ती बाजूला उकिडवी बसली आणि मी कण्हत राहिले. शिंक येते की काय या भीतीने मला घाम फुटला होता. शेवटी म्हटलं, "लाव मेली टाच! पण कोणाला सांगशील तर बघ."

ती उठली. तिने खुंटीवरचा दोर एका हाताने धरला, म्हणजे सगळा भार माझ्यावर येऊ नये. मग तिची टाच माझ्या कण्याच्या बाजूला टेकली. मी लाथ बसेल म्हणून दात आवळून पडले होते. लाथबिथ काही बसली नाही. टाच नुसती टेकून राहिली. मी श्वास सोडला की ती थोडी खाली जाई. श्वास घेतला की आहे तिथेच थांबे. घाई नाही, धक्का नाही. कधी ती खालच्या थराला पोचली ते मला कळलंही नाही, आणि पोचल्यावर ती एक बोटभर आडवी सरकली. माझ्या पाठीत काहीतरी सुटलं. मी रडायला लागले, दुखलं म्हणून नाही, रागाने. इतके महिने मी पडवीत जे घसा फोडून शिकवत होते, थांबायचं, श्वासाबरोबर जायचं, मांसाने वाट देईपर्यंत ताटकळायचं, ते सगळं या बाईच्या टाचेला आधीपासून येत होतं. आणि मी तिला अडाणी म्हटलं होतं.

उठून बसले तेव्हा विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं?"

"कोणी नाय. लहानपणाधरनं लोकां पालथी पडतात. जोरान पाय टाकला तं ओरडतात. हळू टाकला तं गप पडतात. मंग हळूच टाकते."

"मग हाताने असं का करत नाहीस?"

ती हसली. "हातावर मी उभी कशी राहू, बाय?"

त्या वाक्यावर मी रात्रभर विचार केला असं लिहायला छान वाटलं असतं. खरं तर दोन मिनिटांत डोक्यात उजेड पडला. टाचेवर तिच्या सगळ्या अंगाचं वजन येत होतं. जोर करावाच लागत नव्हता, वजन नुसतं हवं तेवढं सोडायचं होतं. अंगठ्यावर वजन सोडता येत नाही, जोर करावा लागतो. अंगात टाचेसारखं बोथट, हाडाचं, वजन झेलणारं दुसरं काय आहे? कोपर! कोपराने नवऱ्याला दाबलं तर कोणत्या सासूचं पाप लागतं?

दुसऱ्याच दिवशी दुपारी, गुजरात मेलला वेळ होता तेव्हा, मी पाचजणींना घेऊन पार्सल ऑफिसात गेले. आमचे हे डोक्याला हात लावून बसले. काट्याची दांडी मी दहा शेरांवर लावली. म्हटलं, "कोपर टेकवा, आणि दांडी अधांतरी तरंगत ठेवा. वर आपटली तर वजन जास्त झालं, खाली पडली तर कमी. मी शंभर मोजेपर्यंत." वाणगावच्या बहिणींची दांडी खडखड नाचली. शेवंताबाई पन्नासाला दमली. तेवढ्यात ते स्टेशनमास्तर आले, ओरडले, आणि मग बायकांचं काय होतंय ते बघत तिथेच उभे राहिले.

मथीची पाळी आली. कोपर टेकवलं, दांडी आपटली. मी म्हटलं, "मथी, आता कोपर विसर. काट्यावर माणूस पालथा पडलाय. तू दोर धरून उभी आहेस आणि ही तुझी टाच आहे." तिने डोळे मिटले. डाव्या हाताने खिडकीचा गज धरला. खांदे खाली आले, गुडघे सैल झाले. दांडी उचलली आणि मध्ये येऊन थांबली. मी शंभर मोजले. दांडी हलली नाही. वीस शेरांवर लावली, तरी हलली नाही. दोन शेरांवर आणली, एवढासा भार सांभाळणं सगळ्यात कठीण, तरी नाही.

स्टेशनमास्तर हळूच म्हणाले, "आमचा तोलारसुद्धा इतकी स्थिर धरत नाही हो."

मग त्यांनी स्वतः कोट काढून एकदा करून पाहिलं. त्यांची नाचली.

त्या दिवसापासून मी अंगठे बंद केले. उशिरा बंद केले, पण केले. पडवीत एक दोर टांगला, दोर धरून आधी टाचेने गोधडी दाबायची, आणि टाचेला कळलं की तेच कोपराला सांगायचं. मुंबईच्या माझ्या गुरूबाईंनी हे पाहिलं असतं तर काय म्हणाल्या असत्या कोण जाणे.

मथी घरी भिकूला रोज सकाळी दाबू लागली. सासू दाराशी बसून लक्ष ठेवी, पाय तर लावत नाही ना! कोपरात तिला काही वावगं सापडेना. भिकू बाजाराच्या दिवशी आला की मी त्याचा हात भिंतीला लावून कोळशाने खूण करी. पहिल्या आठवड्यात खूण कानाशी होती. दिवाळीत ती कानाच्या चार बोटं वर गेली. डॉक्टर स्वतः येऊन खूण बघून जात. मध्येच एकदा ती जागची हलेना, पंधरा दिवस तशीच. मी घाबरले. मथीला म्हटलं, "थोडा भार वाढव."

"नाय," मथी म्हणाली. "वाट नाय दिली अजून त्यानी. थांबू."

मी गुरू आणि ती शिष्या, पण मी गप्प बसले. तिसऱ्या आठवड्यात खूण एकदम वीतभर वर गेली. भिकू भिंतीशीच उभा राहून हसत सुटला. मग त्याने तोच हात वर नेऊन पडवीच्या वाशाला धरलं आणि लोंबकळला. वाशाची माती आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर पडली.

मार्गशीर्षात नीरेचं काम सुरू झालं. ठरल्या दिवशी शेठ मोटार घेऊन पाड्यावर आले, बरोबर डॉक्टर आणि मी. वर्गातल्या बाकीच्या चौघीही आधीच पोचल्या होत्या. बातमी कशी फुटली कोण जाणे, पण पाड्यावर जत्रेसारखी माणसं जमली होती. थांब्यावर पालथे पडणारे होते, माझ्या ओळखीचेही बरेच चेहरे होते. आता कोणी हसायला आलं होतं, कोणी बघायला, आणि ते चेहऱ्यावरून ओळखू येत नव्हतं.

भिकू कमरेला कोयता आणि मडकं बांधून ताडापाशी आला. पायात दोराचं कडं घातलं. ताड सरळसोट आणि उंच होता. शेठ मान वर करून बघत म्हणाले, "बेन, छोटा ताड नव्हता काय?" पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात मला काळजी ऐकू आली. "पडला बिडला तर? मला पडवी नको तशी."

मी मथीकडे बघितलं. मला म्हणायचं होतं, नको, राहू दे, घेऊ दे त्यांना पडवी. मी तसं म्हटलंसुद्धा, तिच्या कानाशी. ती म्हणाली, "बाय, त्याच्या खांद्यात काय हाय ते मना ठाव हाय. तुना नाय."

भिकू चढू लागला. उजवा हात वर, मिठी, पाय वर. दुखावलेला हात वर, मिठी. त्या हाताच्या वेळी सगळा पाडा श्वास कोंडून धरी. मथी तेवढी संथ श्वास घेत होती. तिचे ओठ हलत होते. मी जवळ गेले तेव्हा कळलं, ती मोजत होती. अर्ध्या उंचीवर, जिथून तो घसरला होता तिथे, तो थांबला. भिकूची आई मटकन खाली बसली. त्याने गाल खोडाला टेकवला, तसाच थोडा वेळ राहिला, आणि मग दुखावलेला हात आधी वर टाकला.

त्यानंतर तो थांबला नाही. झावळ्यांत शिरला, दिसेनासा झाला. वरून कोयत्याचा आवाज आला. मग झावळ्यांतून एक हात बाहेर आला, सरळ आभाळाकडे, कोपर कानाला चिकटलेलं. तो कोणता हात, हे सांगायची गरज कोणालाच नव्हती. पाडा असा ओरडला, की शेठच्या मोटारीखाली झोपलेलं कुत्रं पळालं. शेवंताबाईने मला मिठी मारली. डॉक्टर चष्मा पुसू लागले. मी तर नाचले. साडीचा ओचा सांभाळत, सुशिक्षित बाईला न शोभेल असं नाचले, आणि मला त्याचं आजही काही वाटत नाही.

शेठनी माझ्यापुढे हात जोडले. "पडवी तुमची, बेन. शिबिर मी माझ्या वाडीत भरवीन." आणि मग जरा ओशाळून, पाठीला हात लावत, मथीकडे बघून म्हणाले, "इथे जरा मला पण सकाळपासून..." मथीने त्यांना दवाखान्यात यायला सांगितलं, सोमवारी, रांगेत.

तेवढ्यात भिकू खाली उतरला. लोक त्याला खांद्यावर घ्यायला धावले. त्याने कोणाकडे बघितलं नाही. दुसरं मडकं उचललं, कमरेला बांधलं आणि कोणी काही म्हणायच्या आत शेजारच्या ताडाला मिठी मारून वर निघाला.

मथी इतके महिने कधी आवाज चढवून बोललेली मी ऐकली नव्हती. तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि साऱ्या पाड्यादेखत नवऱ्यावर ओरडली:

"ए, पुरां झालां! उतर खाली! खांदा तुजा असंल, पर मेहनत त्यात माजी हाय!"

भिकू उतरला.